मुळशीचे बुडीत आणि नेच्यांचे दप्तर

१९२२ साली मुंबईच्या तारापोरवाला मंडळींनी ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डाल्मेडा हे त्याचे कर्ते होते. मुंबई इलाख्याच्या डोंगरांत, ओढ्यांत, कातळांच्या कपारींत आणि झाडांच्या खोडांवर पावसाळ्यात जी नेच्यांची हिरवी गर्दी उसळते, तिची नावनिशीवार व सविस्तर नोंद या ग्रंथात झाली. ज्या वर्षी तो छापून बाहेर पडला, त्याच वर्षी पुण्याच्या पश्चिमेस बारा-पंधरा कोसांवर, मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यात, एक मोठे धरण उभे राहत होते, आणि ते उभे राहू नये म्हणून मावळातील शेतकरी तुरुंगाच्या वाटेने चालले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे त्या वेळी कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही. ग्रंथ विद्वानांचा होता, लढा रयतेचा होता. तरीही आपल्या प्रांतातील नेच्यांच्या अभ्यासाचा आणि रक्षणाचा इतिहास लिहावयास बसले की त्या दोहोंपासूनच आरंभ करावा लागतो. कारण एका बाजूस एक वनस्पतिवर्ग दप्तरी दाखल होत असताना दुसऱ्या बाजूस त्याच वर्गाचे एक जुने निवासस्थान पाण्याखाली जाण्याची तजवीज चालली होती.

नेचा ही वनस्पती आपल्या लोकांना अपरिचित नाही. विहिरीच्या आतल्या दगडांत वाढणारा हंसराज वैद्यांच्या संग्रही असतो, मयूरशिखा जुन्या भिंतींच्या सांध्यांत दिसते, आणि आंब्याच्या वा ऐनाच्या खोडाला बिलगून राहणारे बाशिंग गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. परंतु ज्यास फूल येत नाही, फळ धरत नाही आणि बी पडत नाही, त्याची वंशवृद्धी कशी होते, हा प्रश्न युरोपातील पंडितांनाही शतकानुशतके सुटला नव्हता. लिनीअसाने १७५३ साली वनस्पतींची आपली प्रसिद्ध मांडणी केली तेव्हा नेचे, शेवाळी, बुरशी इत्यादी सर्व अपुष्प मंडळी त्याने अखेरच्या, म्हणजे चोविसाव्या वर्गात एकत्र घातली, आणि ज्यांचा विवाह गुप्त आहे अशा अर्थाचे नाव त्या वर्गास दिले. पुढे १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ होफमाइस्टर याने नेच्याच्या जीवनक्रमातील दोन पिढ्यांचे रहस्य पद्धतशीर रीतीने उलगडून दाखविले. पानाच्या पाठीवर जे तपकिरी ठिपके दिसतात ते बीजुककोशांचे पुंज होत. त्यांतून उडालेले बीजुक ओलसर जागी पडले की त्यापासून नखाएवढी, हृदयाकृती, पातळ हिरवी चकती तयार होते. तिला आपल्या परिभाषेत गंतुकधारी म्हणतात. या चकतीच्या खालच्या अंगास पुं-कोशिका आणि अंड-कोशिका तयार होतात, आणि पहिलीने दुसरीपर्यंत पोहावयाचे ते पाण्याच्या पातळशा थरातून. तो थर नसेल तर नव्या नेच्याचा जन्म होत नाही.

एवढे शास्त्र येथे सांगितले ते कारणाशिवाय नव्हे. मोठा वृक्ष तोडल्यावरही त्याचे बी पाखरांच्या पोटातून दूरवर जाते आणि उघड्या माळावरही कधी कधी रुजते. नेच्याचे बीजुक तर वाऱ्यावर याहूनही दूर जाते, परंतु ज्या जागी सावली, ओल आणि कुजलेल्या पाल्याची माती यांचा योग जुळलेला असतो, तेथेच त्या नाजूक चकतीचा निभाव लागतो. म्हणून जेथे नेच्यांच्या नाना जाती एकत्र नांदताना दिसतात, तेथे रान जुने आहे, ओढा बारमाही आहे आणि सावली मोडलेली नाही, असे अनुमान बहुधा खरे ठरते. नेच्यांची यादी ही त्या स्थळाच्या आरोग्याची साक्ष असते.

पश्चिम किनाऱ्यावरील वनस्पतींच्या लेखी नोंदीचा आरंभ करताना आपल्याला डच अमलाखालील कोचीनकडे जावे लागते. तेथील सुभेदार हेन्ड्रिक व्हान रीड याने तयार करविलेला ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन गौड सारस्वत वैद्यांचे १६७५ सालचे प्रशस्तिपत्र नागरी लिपीत, कोंकणी भाषेत छापलेले आहे. आपल्या घरच्या वहीतून आणि प्रत्यक्ष झाडपाल्यावरून ही माहिती पारखून दिली, अशी ग्वाही देणारे हे वैद्य मूळ गोमंतकाकडील घराण्यांतले असल्याने मराठी वाचकास त्यांच्याविषयी आपलेपणा वाटणे स्वाभाविक आहे. या ग्रंथाच्या अखेरच्या खंडात नेच्यांची चित्रे आहेत, आणि त्यांत आपल्या बाशिंगाचेही चित्र आहे.

यानंतर इंग्रजी अंमल आला आणि वनस्पतींची नोंद सरकारी कामकाजाचा भाग झाली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पतिउद्यानाचे प्रमुख होते. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. सह्याद्रीची जंगले आरमाराच्या लाकडासाठी आणि कुमरीच्या शेतीसाठी तुटत आहेत, त्यामुळे ओढे लवकर आटत आहेत, हे त्यांनी सरकारच्या कानी घातले होते, आणि त्याबद्दल त्यांच्याविषयी आदर वाटतो. तरीही वनखात्याची घडी बसली ती मुख्यतः साग, शिसव, ऐन, हिरडा यांच्या हिशेबावर. ज्याचे लाकूड होत नाही, ज्यावर जकात बसत नाही, त्याला खात्याच्या तक्त्यात रकाना नव्हता. विद्वानांच्या ग्रंथांतही स्थिती फारशी वेगळी नव्हती. सर जोसेफ हूकर यांचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनश्रीवरील सात खंडांचा महाग्रंथ १८९७ साली पुरा झाला तो सपुष्प वनस्पतींपुरताच. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक हे पेशाने अभियंता. रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आलेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर मुंबई इलाख्याची वनश्री १९०१ ते १९०८ या काळात लिहून पुरी केली. आजही अभ्यासक तिच्यावाचून पाऊल टाकीत नाही; पण नेचे तिच्याही बाहेर राहिले.

दक्षिणेत मात्र एक थोर अपवाद घडला. मद्रास इलाख्यातील लष्करी अधिकारी आणि पुढे तेथील वनखात्याचे प्रमुख रिचर्ड हेन्री बेडोम यांनी निलगिरी, अनामलाई, तिनेवेल्ली येथील डोंगर पायाखाली घातले, दक्षिण हिंदुस्थानच्या नेच्यांची चित्रे १८६३ पासून प्रसिद्ध केली, आणि १८८३ साली ब्रिटिश हिंदुस्थान, सिलोन व मलाया यांच्या नेच्यांची एक हस्तपुस्तिका दिली. तिच्या आधाराने पुढील दोन पिढ्या नेचे ओळखू लागल्या. सरकारी चाकरीतील एका माणसाने आपल्या खात्याला ज्याची गरज नव्हती अशा वनस्पतींवर इतके प्रेम करावे, हे मला त्या काळातील फार मोठे कार्य वाटते.

आता ब्लॅटर आणि डाल्मेडा यांच्याकडे वळू. ब्लॅटर हे १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले आणि काही काळ ते तेथील प्राचार्यही होते. आज त्यांच्याच नावाने चालणारा तेथील वनस्पतिसंग्रह पश्चिम हिंदुस्थानातील अभ्यासकांचे एक तीर्थस्थान आहे. ताड-माडांवर, गवतांवर, अरबस्तानाच्या आणि काश्मीरच्या वनस्पतींवर त्यांनी लिहिले, आणि या प्रचंड उद्योगात त्यांनी नेच्यांसाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याइतका वेळ काढला, ही आपल्या प्रांतावर झालेली कृपाच म्हटली पाहिजे. खंडाळ्यास जेझुइट मंडळींचा बंगला होता. तेथील घाट, महाबळेश्वरचे पठार आणि कारवारकडील सदाहरित रान ही मुंबईकर वनस्पतिशास्त्रज्ञांची नेहमीची भ्रमणभूमी असे. नमुना गोळा करावयाचा, तो कागदात दाबून वाळवावयाचा, त्यावर स्थळ, तारीख आणि गोळा करणाराचे नाव लिहावयाचे, मग बेडोमच्या वर्णनाशी आणि संग्रहातील जुन्या नमुन्यांशी तो ताडून पाहावयाचा, पानाच्या शिरा कशा फुटतात, बीजुककोशांच्या पुंजावर आच्छादन आहे की नाही, असल्यास मूत्रपिंडाकृती की वर्तुळाकार, मूलक्षोडावरील खवल्यांची कड दंतुर की अखंड, हे भिंगातून तपासावयाचे, आणि इतके झाल्यावर एका ओळीत नाव लिहावयाचे, अशा सावकाश कष्टांतून तो ग्रंथ झाला.

खंडाळ्याच्या दक्षिणेस, त्याच डोंगररांगेच्या कुशीत, मुळशी पेटा होता. शिवकालीन मावळांपैकी पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे यांचा बराचसा मुलूख आजच्या मुळशी तालुक्यात येतो. आंबेमोहोर तांदळाची खाचरे, उतारावर वरी-नाचणीची वरकस जमीन, डोक्यावर हिरड्या-जांभळांचे रान, आणि पश्चिमेस कोकणात कोसळणारे कडे, असा तो देश. हा भाग महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या स्थळांत गणला जातो. टाटांच्या वीज कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधून पाणी पश्चिमेकडे कोकणात सोडावयाचे आणि त्या उतारावर वीज निर्माण करून मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, अशी योजना आखली होती. तिच्यानुसार खोपोलीचे केंद्र १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. पुढचा क्रम मुळशीचा होता. मुळा-नीलेचे खोरे अडवून त्याचे पाणी बोगद्याने भिऱ्यास न्यावयाचे ठरले. पन्नासहून अधिक गावे बुडिताखाली जाणार होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळातील स्त्रीपुरुषांनी धरणाच्या कामावर जाऊन बसण्यास आरंभ केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात, आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्या लढ्याचा वृत्तांत लिहून ठेवला. ‘जान किंवा जमीन’ ही त्या मावळ्यांची घोषणा होती. पेट्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे असल्याने त्यांचा कल मोबदल्याच्या वाटाघाटींकडे वळला, आणि प्रत्यक्ष नांगर धरणारे कूळ मागे पडले. लढ्याच्या पराभवाची जी कारणे इतिहासकार देतात त्यांत हे एक आहे. तीन वर्षांच्या तुरुंगवासांनंतर लढा विझला, आणि १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईस जाऊ लागली.

मुळशीच्या जमिनींच्या संपादनाचा हिशेब १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यान्वये झाला. मोबदला ठरविताना जमिनीचा बाजारभाव पाहावा आणि तिच्यावर उभे असलेले पीक व झाडे यांचाही विचार करावा, असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे खाचरे मोजली गेली, घरे मोजली गेली, आंबा-फणस मोजले गेले. ओढ्याच्या काठची ओली सावली मोजण्याची सोय कोणत्याही रकान्यात नव्हती. सह्याद्रीतील अशा नदीखोऱ्यांच्या तळाशी, बारमाही ओहोळांच्या दुतर्फा, टेक्टेरियाची रुंद पाने, बॉल्बिटिसचे पाण्याच्या तुषारात भिजणारे गुच्छ, अथायरियम, टेरिस आणि मायक्रोसोरमच्या जाती, लायगोडियमचे झुडपांवर चढणारे वेल आणि दगडांच्या फटींत हंसराजाच्या झिरमिळ्या असा नेच्यांचा संसार असतो. उतारावर याहून काटक जाती असतात. पण ज्यांस वर्षभर ओल लागते त्यांचे घर तळालाच. धरणाने नेमका तळ घेतला. नव्याने निर्माण झालेल्या जलाशयाचा काठ त्या जातींना पुन्हा आसरा देईल अशीही आशा करता येत नाही, कारण वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले जाते तशी पातळी उन्हाळ्यात खाली जाते आणि काठाची माती उघडी, तापलेली, तडकलेली राहते, व पावसाळ्यात तीच माती कित्येक हात पाण्याखाली जाते. ज्याच्या बाल्यावस्थेला स्थिर सावली आणि स्थिर ओल लागते, त्याने तेथे जगावे कसे?

माझे म्हणणे असे की, मुळशीच्या लढ्यात जे हरले त्यांत माणसांबरोबर ही मूक प्रजाही होती. आणि तिची हार अधिक पूर्ण होती, कारण माणसांची नावे तरी तुरुंगाच्या व सरकारच्या दप्तरांत राहिली. वनस्पतीची नोंद ती जागा उभी असतानाच व्हावी लागते. धरणानंतर केलेली यादी ही जे उरले त्याची यादी असते.

स्वराज्याच्या उंबरठ्यावर पुण्यात वनस्पतिशास्त्राला नवे बळ आले. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी बर्लिनला प्रसिद्ध वर्गीकरणकार एंग्लर यांच्या हाताखाली अध्ययन केले होते आणि कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले होते. निवृत्तीनंतर पुण्यास येऊन त्यांनी १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली. तीच संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले, आणि त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. त्र्यं. शं. महाबळे यांच्याकडे आली. नेचे आणि त्यांचे सगोत्र हा महाबळ्यांचा आवडीचा विषय. दलदलीत गवतासारख्या दिसणाऱ्या आयसोएटिस या प्राचीन वनस्पतीची एक जाती त्यांनी सह्याद्रीच्या नावाने प्रसिद्ध केली, आणि ऑफिओग्लॉसम या वंशातील भारतीय जातींचा शोधतक्ता १९६२ साली दिला. मृगाच्या पहिल्या सरींनंतर सड्यांवर एकेकट्या पानाने डोके वर काढणारी आणि चार आठवड्यांत दिसेनाशी होणारी ही वनस्पती शोधावयास फार चिकाटी लागते. तिच्याच एका जातीत त्रिवेंद्रमच्या अब्राहम आणि निनान यांनी १९५४ साली १२६० गुणसूत्रे मोजली. मनुष्याची ४६ असतात. आणि या वंशातील १ सेंटिमीटर उंचीची एक जाती सह्याद्रीच्या उत्तर टोकाशी, डांगच्या रानात मिळाल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा जमिनीवर वाढणाऱ्या नेच्यांत ती जगातील सर्वांत लहान ठरली. १९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे पश्चिम मंडळ पुण्यास सुरू झाले व जुन्या कॉलेजांत साठलेल्या नमुन्यांना हक्काचे घर मिळाले. मराठीत विश्वकोशाच्या पानांतून शं. आ. परांडेकरांनी नेच्यांना मराठी परिभाषेत आणले. या लेखातील गंतुकधारी, बीजुक, मूलक्षोड हे शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले ते अशा लेखनामुळे.

रक्षणाच्या दृष्टीने मात्र खरे महत्त्वाचे पाऊल पडले ते १९७० नंतरच्या दशकात, आणि ते नेच्यांच्या नावाने पडले नाही. आघारकरांच्या विज्ञानवर्धिनीत डॉ. वा. द. वर्तक हे वर्षानुवर्षे सह्याद्रीच्या खेडोपाडी फिरून वनस्पती गोळा करीत होते. अमेरिकेतून १९७१ साली परतलेले तरुण माधव गाडगीळ त्यांना येऊन मिळाले. वर्तकांना रानाची, लोकांची आणि झाडांच्या गावठी नावांची जाण. गाडगिळांना परिसरविज्ञानाची नवी दृष्टी. दोघांनी मावळ आणि कोकण पायी हिंडून देवरायांचा शोध घेतला, १९७३ साली विज्ञान परिषदेपुढे देवराहाटीवरील निबंध ठेवला, १९७५ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकातून या रायांच्या रक्षणासाठी विनंती केली आणि १९८१ साली महाराष्ट्रातील देवरायांची यादी दिली.

देवराई म्हणजे काय, हे मावळातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. वाघजाई, काळूबाई, म्हसोबा, भैरोबा यांच्या नावाने राखलेले ते रान; त्यातील फांदी तोडावयाची नाही, पडलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही, वापरावयाचे तर देवाचा कौल घेऊन देवाच्याच कामी. पुष्कळ रायांच्या पोटात झरा असतो. नेच्यांना जे हवे ते सारे येथे एकत्र असते. कुऱ्हाड लागत नसल्याने छत्र मोडत नाही, पडलेले खोड उचलले जात नसल्याने त्यावर शेवाळ धरते आणि शेवाळात बीजुक रुजते, पालापाचोळा खतासाठी गोळा होत नसल्याने माती काळी व भुसभुशीत राहते, आणि झऱ्यामुळे वैशाखातही ओल टिकते. बहुतेक नेच्यांची नावे माहीत नसलेल्या, त्यांचा काही उपयोगही न मानणाऱ्या पूर्वजांनी केवळ देवाच्या भयाने आणि भक्तीने त्यांची कुळे राखली. वनखात्याला जे साधले नाही ते गावाच्या या अलिखित सनदेने साधले.

पण सनद अलिखित होती, हेच तिचे दौर्बल्य ठरले. गाडगिळांनी पानशेतच्या परिसरातील डोंगर, धरणे आणि रान यांविषयी १९७९ साली जे निरीक्षण प्रसिद्ध केले ते वाचताना मन विषण्ण होते. धरणासाठी रस्ता झाला, रस्त्याबरोबर कोळशाचे ठेकेदार आले, बुडिताने नागवलेल्या शेतकऱ्यांनी मालकीच्या रानातील झाडे मिळेल त्या भावाने विकली, आणि शतकानुशतके राखलेल्या रायाही त्या भट्ट्यांत गेल्या. जमीन गेल्यावर देवाची राई राखण्याइतके बळ गावात उरत नाही. म्हणजे धरणाने तळ घेतला, आणि त्याच्या मागून आलेल्या व्यवहाराने उतार घेतला. मोसे खोऱ्यात पुढे डोंगर फोडून नवी वसाहत उभी राहिली, तिच्या बांधकामाबद्दल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये नोटीस काढली आणि काही काळ वर्तमानपत्रे गाजली. पण त्या गदारोळातही ओढ्याकाठच्या या प्रजेची बाजू मांडणारे फार थोडे होते.

दरम्यान वर्गीकरणाचे शास्त्र पार बदलून गेले. बेडोम आणि ब्लॅटर यांच्या काळी बहुतेक नेचे एकाच अवाढव्य कुलात घातलेले असत, आणि पुंजांची जागा व आच्छादन ही त्यांची मुख्य खूण असे. १९४० नंतर चीनचे चिंग आणि मलायातील हॉल्टम यांनी ते कुल मोडून निसर्गाला अधिक धरून अशी रचना मांडली. पुढे गुणसूत्रांची मोजदाद आली आणि अखेर जनुकद्रव्याचे वाचन आले. २०१६ साली जगभरच्या अभ्यासकांनी मिळून जी मांडणी केली तीत नेचे आणि त्यांचे सगोत्र मिळून ११,९१६ जाती, ३३७ वंश आणि ५१ कुले गणली आहेत. आपले बाशिंग लिनीअसाने पॉलिपोडियम म्हणून नोंदविले, एकोणिसाव्या शतकात ते ड्रायनेरिया झाले, आणि अलीकडे काही पंडित त्याला ॲग्लेओमॉर्फा वंशात घालतात. नावे बदलली म्हणून जुने श्रम वाया गेले असे मुळीच नाही. ब्लॅटरच्या संग्रहातील वाळलेल्या पानाखाली जी तारीख आणि जे स्थळ लिहिलेले आहे ते कोणतीही नवी मांडणी रद्द करू शकत नाही, आणि त्या दिवशी ती वनस्पती त्या ठिकाणी होती एवढ्या एका साक्षीवर पुढचे सारे रक्षण उभे असते.

कायद्याने मात्र नेच्यांकडे फार उशिरापर्यंत पाहिले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन वनस्पतींसाठी सहावी अनुसूची जोडली गेली, आणि तीत सहा नोंदी झाल्या: कुठ, घटपर्णी, निळा व तांबडा व्हँडा, स्त्रीपादुकेसारख्या फुलांची आमरे, आणि एक सायकस. त्या सायकसाला बेडोमचे नाव आहे. ज्या नेच्यांसाठी बेडोमने आयुष्य वेचले त्यांतला एकही त्या यादीत आला नाही. भारतातील साडेनऊशे ते हजार नेचे व सगोत्रांपैकी ४१४ जाती दुर्मीळ वा संकटग्रस्त आहेत, असे २००८ साली नेच्यांचे अभ्यासक चंद्रा, फ्रेझर-जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. दहांतील चार, हे प्रमाण कोणालाही स्वस्थ बसू देणारे नाही. मुळशीच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट अशी की, ताम्हिणी घाटातील ४९.६२ चौरस किलोमीटर रान २०१३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. बुडितापासून वाचलेल्या उतारांना त्यामुळे कायद्याचे छत्र मिळाले. तथापि पावसाळ्यात तेथे लोटणारी सहलींची गर्दी, ओढ्यांच्या काठी पडणारा कचरा आणि रस्त्याच्या रुंदीकरणात खरवडले जाणारे ओले कातळ यांच्यापुढे ते छत्र पुरेसे आहे असे म्हणवत नाही. कारण रस्त्याकडेचा तो ठिबकणारा कातळही नेच्यांचे समृद्ध स्थान असतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या ग्रामपंचायतींना आपली समिती नेमण्याचा आणि गावच्या जीवसंपदेची नोंदवही ठेवण्याचा अधिकार दिला आहे. वर्तक-गाडगिळांनी जी सनद अलिखित अवस्थेत पाहिली ती लिहून ठेवण्याचे हे साधन आहे. मुळशी तालुक्यातील प्रत्येक गावाने आपल्या नोंदवहीत देवराईसाठी आणि तिच्यातील नेच्यांसाठी स्वतंत्र पान राखावे. पुण्याच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांनी श्रावण-भाद्रपदात आपले विद्यार्थी घेऊन त्या गावी जावे, गुराख्यांना आणि वृद्ध स्त्रियांना विचारावे, नमुना ओरबाडण्याऐवजी शक्य तेथे छायाचित्र घ्यावे, आणि स्थळ व तारीख बिनचूक लिहावी. नवे धरण, नवा रस्ता किंवा नवी वसाहत यांचा प्रस्ताव तालुक्याच्या कचेरीत येईल तेव्हा ही नोंदवही टेबलावर असली पाहिजे. १९२२ साली मुळा-नीलेच्या खोऱ्याजवळ ती नव्हती. या आषाढात ताम्हिणीच्या वाटेने जाणाऱ्या वाचकांनी आपापल्या गावच्या समितीकडे तेवढी चौकशी अवश्य करावी.